वाघचौरे मॅडम आणि वरच्या मजल्यावरचा रिसेप्टर

डॉ. यशोधरा वाघचौरे यांना मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा त्या आइस्क्रीमच्या पेटीत डोके घालून उभ्या होत्या. पेटी उल्हासनगरच्या तीन नंबर कॅम्पातल्या जुन्या बाजारातून आणलेली होती, तिच्यावर हसणाऱ्या पेंग्विनचे चित्र होते, आणि मुलाखतीला आलेला मी, म्हणजे शांताराम भोपी, इस्त्रीचा शर्ट घालून दारात ताटकळत होतो. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीतला तो एका छोट्या कंपनीचा वरचा मजला. खाली प्रयोगशाळांना लागणारी रसायने बाटल्यांत भरली जात आणि वर, जाहिरातीत लिहिल्याप्रमाणे, 'अत्याधुनिक जैवतंत्रज्ञान विभाग' होता. अत्याधुनिक विभागाने पेटीतून डोके बाहेर काढले, हात पुसले आणि मला बसायला सांगितले.

"भोपी, याआधी कुठं होतात?"

"रंगाच्या कारखान्यात, मॅडम. बारा वर्षं."

"तिथं तुमच्या हातून शेवटची चूक कोणती झाली?"

मी छाती फुगवून म्हणालो, "माझ्या हातून चुका होत नाहीत, मॅडम."

"अरे वा. म्हणजे एक तर तुम्ही तिथं काम करत नव्हतात, नाही तर तुमचं काम कुणी तपासत नव्हतं."

मला राग आला. खोटे कशाला सांगू, चांगलाच आला. बदलापूरच्या एसटीत बसेपर्यंत मी मनातल्या मनात त्यांना उत्तरे देत होतो. पण नोकरी मिळाली, मी ती घेतली, आणि आज त्यांच्या साठाव्या वर्षानिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात लिहायला बसलो आहे. त्यांच्या शोधनिबंधांवर लिहायला विद्वान मंडळी आहेत. मला संपादकांनी 'सहवासातल्या आठवणी' दिल्या आहेत आणि वर 'भोपी, आवरते घ्या' अशी तंबीही. तंबी रास्त आहे. पाळण्याचा प्रयत्न करीन.

मॅडमचे बालपण अंबरनाथच्या बुवापाड्यातले. वडील काडेपेटीच्या कारखान्यात कामाला. छप्पन्न साली वडिलांनी धम्मदीक्षा घेतली आणि नंतर मुलीला शाळेत घालताना तिचे घरातले नाव बाजूला ठेवून यशोधरा हे नाव लावले. घरातले नाव काय होते ते मॅडमनी आम्हाला कधीच सांगितले नाही. "ते नाव पहिलीत जाण्याआधीच सुटलं, त्याला आता कशाला उठवता," असे त्या हसून म्हणतात. बी.एस्सी. झाल्या, औषधांच्या कारखान्यात तपासणी विभागात लागल्या, नोकरी सांभाळत एम.एस्सी. केले आणि चाळिशी उलटल्यावर प्रथिनांच्या रसायनशास्त्रात पीएच.डी. मिळवली. त्यानंतर लोक जे करत नाहीत ते त्यांनी केले. कायमची, पेन्शनीची आस दाखवणारी नोकरी सोडली आणि आमच्या कंपनीचे मालक खेमचंदशेठ यांच्याकडे वरचा रिकामा मजला मागायला गेल्या.

शेठ उल्हासनगरचे सिंधी व्यापारी. कोणत्याही बाईला ते 'अदी', म्हणजे त्यांच्या भाषेत ताई, म्हणतात आणि धंद्याचे सगळे एका प्रश्नात विचारतात.

"अदी, सीधा बोल. तू बनवणार काय, आणि घेणार कोण?"

मॅडमनी त्यांना जे उत्तर दिले ते मी पुढे अनेकदा ऐकले, कारण प्रत्येक पाहुण्याला त्या तेच सांगतात. आपल्या शरीरातली प्रत्येक पेशी म्हणजे एक बंद घर. रक्तातून निरोप येतात, वाढ, थांब, दुरुस्ती कर. निरोप्याला घरात शिरता येत नाही, तो दारावरची कडी वाजवतो. पेशीच्या दारावरची ती कडी म्हणजे रिसेप्टर नावाचे प्रथिन. एखादे औषध त्या कडीला बसते की नाही हे शोधायला संशोधकांना ढिगाने कड्या लागतात, आणि त्या माणसांच्या शरीरातून काढून आणता येत नाहीत. मग माणसाच्या शरीरातली ती कडी घडवणारी सूचना साध्या जिवाणूत घालायची आणि जिवाणूकडून कडी बनवून घ्यायची.

"म्हणजे घर नाही, फक्त कडी?" शेठनी विचारले.

"फक्त कडी. ती आज परदेशातून येते. महिनोन्महिने वाट बघावी लागते आणि विमानतळावर पेटी पडून राहिली तर आतला बर्फ विरून कडी मेलेली पोचते."

"और तेरी कडी?"

"माझी अंबरनाथहून पुण्याला दुपारपर्यंत पोचेल."

शेठनी मजला दिला. आमचे पहिले काम ठरले ते पेशीला 'वाढ थांबव' हा निरोप आत पोचवणारी कडी, म्हणजे त्या रिसेप्टरचा दाराबाहेरचा तुकडा. पुण्यातल्या एका संशोधन संस्थेतले डॉ. जोगळेकर तिच्यावर काम करत होते आणि त्यांनी आधी नमुना मागितला होता.

आता आमच्या मजल्यावरच्या एका रिवाजाबद्दल सांगायलाच हवे, कारण पुढचे सगळे त्याच्यातूनच निघाले. आमच्याकडे यश मिळाले की कुणी पेढे वाटत नसे. चूक सापडली की मिठाई यायची. ज्याला चूक सापडेल त्याला मॅडम स्वखर्चाने मिठाईचा डबा देत, मग चूक दुसऱ्याची असो, स्वतःची असो वा मॅडमची. "चूक लपवली की ती व्याजासकट परत येते, डबा त्यापेक्षा स्वस्त पडतो," हा त्यांचा हिशेब. पहिल्या आठवड्यात मला हे नाटक वाटले. दुसऱ्या महिन्यात मी दुसऱ्यांच्या टेबलांवर चुका हुंगत फिरू लागलो. आमची सहकारी रश्मी, तीन नंबर कॅम्पात राहणारी आणि तोंडाने माझ्याइतकीच फटकळ, मला म्हणाली, "भोपीकाका, आप तो मिठाई के लिए पुलिस बन गए." पण खरे सांगतो, मी काम केलेल्या कारखान्यांत चूक झाली की आधी बळीचा बकरा शोधत. इथे चूक करणारा स्वतःच हात वर करून उभा राहायचा. असे मी कुठे पाहिले नव्हते.

एवढे असूनही आमची कडी मात्र मेलेलीच निघत होती.

त्याचे असे होते. जिवाणू प्रथिन बनवतात भराभर, पण त्याची नीट घडी घालत नाहीत. पिठल्यात गुठळ्या व्हाव्यात तसे त्याचे गोळे होतात. ते गोळे विरघळवून प्रथिनाचा सरळ धागा करायचा आणि मग थंडाव्यात, अगदी सावकाश, त्याला आपली घडी घालू द्यायची. घाई केली की पुन्हा गुठळ्या. यासाठी परदेशी पंप घेण्याची ऐपत नव्हती. मॅडमनी औषधाच्या दुकानातून रुग्णाला सलाइन लावायची नळी आणली, बाटली उलटी टांगली आणि चाक फिरवून थेंब थेंब सोडला. पेंग्विनच्या पेटीशेजारी टांगलेले सलाइन पाहून शेठ एकदा हात जोडून म्हणाले, "अदी, पेशंट बचेगा ना?"

पेशंट वाचत नव्हता. प्रथिन दिसायला स्वच्छ, वजनाला बरोबर, पण निरोप्या जवळ आला तरी त्याला धरत नसे. डॉ. जोगळेकरांकडे पाठवलेला नमुना नापास झाला. त्यांनी सभ्य शब्दांत कळवले, आणि सभ्य शब्दांनी जास्त लागते. शेठच्या धाकट्या भावांनी आता कुरकुर सुरू केली होती. खाली पॅकिंगला जागा पुरत नव्हती आणि वर सलाइन टांगलेले. शेवटी शेठ वर आले, स्टुलावर बसले आणि मान खाली घालून म्हणाले, "अदी, माझी इच्छा नाही. पण भाई लोक ऐकत नाहीत. दिवाळीपर्यंत बघ. नहीं हुआ तो पाडव्यानंतर ये माळा पॅकिंग को देना पडेगा."

मॅडम एवढेच म्हणाल्या, "बरोबर आहे, शेठ." पन्नाशी ओलांडलेल्या बाईने पक्की नोकरी सोडून मांडलेला डाव होता तो. मोडला असता तर परत जायला जागा नव्हती. आम्हाला दुसऱ्या नोकऱ्या मिळाल्या असत्या, त्यांना मिळाली नसती. हे त्यांनाही ठाऊक होते आणि आम्हालाही.

त्याच दिवसांतला एक प्रसंग सांगतो. शेठचे थोरले चुलतभाऊ, मधुमेहाने खंगलेले, एका दुपारी जिना चढून वर आले. त्यांनी कुणाकडून तरी ऐकले होते की वर माणसाचे काहीतरी बनते. "बेटी, तेरे पास इन्सान का माल है, तो इन्सान को क्यों नहीं देती?" दुसऱ्या कुणी त्यांना गोड बोलून वाटेला लावले असते. मॅडमनी त्यांना बाटलीवरची चिठ्ठी वाचून दाखवली, 'केवळ प्रयोगशाळेतील संशोधनासाठी'. "काका, हे औषध नाही, औषध शोधायचं साधन आहे. मी हे तुम्हाला दिलं तर तुमची फसवणूक होईल." मग हातातले काम माझ्यावर सोपवून, शेअर रिक्षाने त्यांना घेऊन स्वतः कॅम्पातल्या डॉक्टरांकडे गेल्या, औषधाच्या वेळा त्यांच्या सुनेला समजावून आल्या. मजला हातातून जायला आला होता आणि ह्या बाई त्याच शेठच्या भावाला डॉक्टरकडे नेऊन आणत होत्या! मी चिडून बोललो तेव्हा म्हणाल्या, "भोपी, मजला शेठचा आहे. साखर काकांची आहे. दोन्ही एकत्र कालवू नका."

दिवाळी तोंडावर आली तेव्हा मला एक चूक सापडली. ढवळणीच्या यंत्राचा काटा दाखवत होता त्यापेक्षा ते जोरात फिरत होते. बारीक चूक होती, तिने काही सुटणार नव्हते, पण रिवाज तो रिवाज. मॅडम म्हणाल्या, "चला, तुमचा डबा घेऊन येऊ." सणाचे दिवस, तीन नंबर कॅम्पात पाय ठेवायला जागा नाही, रिक्षावाल्याने बाजाराच्या तोंडावरच सोडले. मिठाईच्या दुकानाकडे आम्ही जीन्सच्या गल्लीतून निघालो. दोन्ही बाजूंना शिलाई यंत्रांचा खडखडाट, आणि एका कारखान्यासमोर निळीची टाकी. एक माणूस टाकीतून पँटी उपसून दोरीवर टाकत होता.

मॅडम थांबल्या. मला वाटले, भाच्यासाठी बघत असतील.

पँट टाकीतून निघत होती पिवळसर हिरवी. दोरीवर टाकली की बघता बघता निळी होत होती. मी रंगाच्या कारखान्यात बारा वर्षे घालवलेला माणूस, मला त्यात काय नवल? नीळ टाकीत चढत नाही, हवेत चढते, हे पहिल्या वर्षाला शिकवतात. मॅडमनाही ते पाठ होते. पण त्या तिथून हलेनात. मागून माणसे धक्के देत होती, एक बाई "ओ मौसी, साइड" म्हणून गेली, आणि मॅडम दोरीकडे बघत उभ्या.

"भोपी, आपण कडीची घडी घालताना भांड्यात काय सोडतो?"

"नायट्रोजन."

"का?"

"का म्हणजे? हवा आत जायला नको म्हणून."

"आणि हवा का जायला नको?"

"पद्धतच आहे, मॅडम." अंबरनाथच्या कारखान्यांत वाढलेला कुठलाही माणूस भांड्याचे झाकण उघडण्याआधी नायट्रोजनच्या सिलिंडरकडे हात नेतो. हवा गेली की माल काळा पडतो, हवा गेली की भडका उडतो. हवा आमची वैरीण. ते आमच्या हातात भिनले होते. मॅडमच्या हातातही. पद्धत लिहिताना त्यांनीच नायट्रोजन लिहिला होता आणि आम्ही कुणी ब्र काढला नव्हता.

"ही कडी दाराच्या बाहेर असते, भोपी. बाहेर! तिच्या घडीला गंधकाचे टाके असतात आणि ते टाके हवेतल्या प्राणवायूशिवाय पडत नाहीत. आपण तिला टाके घालायला बसवलंय आणि सुई काढून घेतलीय."

आणि त्या भर बाजारात हसायला लागल्या. मी त्यांना तसे हसताना कधी पाहिले नव्हते. मिठाईच्या दुकानात त्यांनी माझा छोटा डबा घेतला आणि त्याच्यावर एक भलामोठा डबा मागितला. परत आल्यावर तो सगळ्यांच्या मध्ये उघडला, शेठना आणि त्यांच्या कुरकुऱ्या भावांनाही वर बोलावले. "ही माझ्या चुकीची मिठाई. इतके महिने सगळ्यांचे कष्ट मी वाया घालवले. चूक माझी आहे, आणि ती आता सापडली आहे." भावांनी आधी एकमेकांकडे पाहिले, मग डब्याकडे. चूक कबूल करून वर मिठाई वाटणारा माणूस त्यांच्या बाजारात आजवर कुणी पाहिला नसावा.

मग आम्ही झाकण काढले. भांड्याच्या तोंडावर मलमलीचे फडके बांधले, धूळ जाऊ नये म्हणून, आणि सलाइनचे चाक फिरवले. मध्येच शुक्रवार आला. आमच्या वसाहतीत शुक्रवारी वीज बंद. एरवी आम्ही घडीचे काम शुक्रवार टाळून करत असू, आता दिवाळीआधी टाळायला दिवसच उरला नव्हता. भांडे ठेवलेली पेंग्विनची पेटी थंड राहायला हवी. बर्फाच्या कारखान्यातून लाद्या आणल्या आणि त्या पोत्यात गुंडाळून जिन्यावरून वर न्यायला आम्ही रांग केली. रांगेत मध्येच पाहतो तो पांढऱ्या शुभ्र कपड्यांत खेमचंदशेठ, खांद्यावर लादी, पाठीवरून पाणी गळतेय.

"साईं, कपडे!" रश्मी ओरडली.

"कपडे धुल जाएँगे. पहले कडी बचाओ!"

त्या खेपेची कडी आम्ही आमच्याकडेच तपासली तेव्हा तिने निरोप्याला असे घट्ट धरले की मी आकडा तीनदा पाहिला. रश्मी नाचली. मॅडम म्हणाल्या, "आपण आपल्यालाच पास केलं तर काय मोठंसं. पुण्याला पाठवू."

पुण्याला जे पाठवले त्यावरून आमची कडाक्याची भांडणे झाली. डॉ. जोगळेकर सगळ्या कुप्यांवरची नावे झाकून, नुसत्या खुणा करून तपासणार होते. परदेशी कुपी त्यांच्याकडची, नवी कुपी आमची. मॅडमनी त्यात आमच्या जुन्या, मेलेल्या खेपेचीही एक कुपी घातली.

"मॅडम, ही का? नापास झालेली?" मी जवळजवळ ओरडलो. "आपल्याच पायावर धोंडा!"

"ती पास झाली तर चाचणीच खोटी आहे असं समजेल. मग आपल्या नव्या कुपीचं पास होणंही खोटं. मला खोटं पास व्हायचं नाही."

फोन आला तो वसुबारसेच्या दुपारी. आम्ही सगळे जेवायला एकाच बाकावर बसलो होतो, शेठ आणि त्यांचे भाऊही वर आले होते. मॅडमनी डाव्या हाताने फोन उचलला, उजवा हात आमटीचा.

"चिठ्ठ्या उघडल्या, मॅडम," डॉ. जोगळेकरांचा आवाज बाकापर्यंत ऐकू येत होता. "सगळ्यांत चांगली बसली ती तुमची. परदेशीपेक्षाही सरस."

"आणि सगळ्यांत वाईट?"

"तीही तुमचीच. जुनी होती, नाही का? ती तुम्ही मुद्दाम पाठवलीत?"

"हो. सर, मग चाचणी बरोबर आहे."

"मॅडम, चाचणी बरोबर आहे, कडी बरोबर आहे आणि मला पुढच्या वर्षभराचा माल तुमच्याकडूनच हवा आहे!"

त्यानंतर काय झाले ते नीट सांगणे मला जमायचे नाही. रश्मी रडत होती, मी बाकावर उभा राहून कुणाला तरी शिव्या देत होतो, कुणाला ते मलाही माहीत नाही. मॅडम आमटीचा हात तसाच धरून बसून राहिल्या आणि त्यांचे डोळे भरून आले. मग त्यांनी एकच वाक्य म्हटले, "बाबा असते तर त्यांना दाखवली असती." काडेपेटीच्या कारखान्यातला तो बाप, आणि जगातल्या बड्या कंपन्यांच्या तोडीची कडी बनवणारी बुवापाड्याची त्याची मुलगी. मला अभिमानाने भरून आले, आजही लिहिताना येते.

शेठ उठले, हात धुतले आणि भावांकडे वळून म्हणाले, "सुना? माळा अदी का. पॅकिंग मेरे ऑफिस में जाएगा." आणि गेले. पाडव्याच्या मुहूर्तावर पॅकिंगची खोकी खरोखरच शेठच्या केबिनमध्ये आली. आजतागायत शेठ खोक्यांच्या भिंतीमागून पाहुण्यांशी बोलतात आणि कुणी विचारले तर बोट वर करून सांगतात, "क्या करें, ऊपर इंटरनॅशनल माल बनता है."

त्यानंतर वरच्या मजल्यावरून किती तऱ्हेच्या कड्या निघाल्या आणि कुठल्या कुठल्या प्रयोगशाळांत गेल्या, ते या ग्रंथातले इतर लेखक सांगतील. बुवापाड्यातल्या मुलींना मॅडम दर रविवारी विज्ञान शिकवतात आणि त्यातल्या काहीजणी आज आमच्याच मजल्यावर कामाला आहेत, हे मात्र मी सांगितले पाहिजे. एकदा माझी आई आजारी होती तेव्हा मॅडम आमच्या बदलापूरकडच्या गावी आल्या होत्या. आईने त्यांना विचारले, "बाय, त्या किड्यांना सांगतंय कोन, मानसाचं बनवा म्हून?" मॅडम तिच्या खाटेवर बसल्या आणि तासभर तिला समजावत राहिल्या, जोगळेकरांना समजावतात तितक्याच गांभीर्याने. आई पुढे गावभर सांगत फिरली की, "आमच्या शांत्याची मॅडम किड्यांना कामाला लावते, म्हून तर शांत्याही कामाला लागला."

मॅडम, साठ वर्षे झाली म्हणून तुम्ही मजला आमच्या हवाली करायच्या गोष्टी हल्ली बोलता. आम्ही त्या ऐकलेल्या नाहीत आणि ऐकणारही नाही. तुमची प्रकृती ठणठणीत राहो, गुडघे जिना चढायला कुरकुर न करोत, आणि शंभराव्या वर्षीही कुणा छाती फुगवलेल्या उमेदवाराला तुम्ही त्याची शेवटची चूक विचारा. हा लेख तुम्ही पेन्सिल घेऊनच वाचणार हे मला माहीत आहे. चुका पुष्कळ आहेत. रिवाजाप्रमाणे डबा आणून पेंग्विनच्या पेटीवर ठेवला आहे. या वेळी तो तुमच्यासाठी.